डाळिंबी घोळ

देवळाली कॅम्पाकडून आलेला टांगा चौकमंडईमागच्या गल्लीत शिरला, तेव्हा नियाजमियाँ ओट्यावर बसून दाढीला मेंदी लावत होते. अर्धी लावून झाली होती, अर्धी व्हायची होती. अशा अवस्थेत माणसाला उठताही येत नाही आणि बसूनही राहता येत नाही. टांग्यातून आधी एक पत्र्याची ट्रंक उतरली आणि मग हुस्नबानो खाला उतरल्या. ट्रंक उतरवताना त्या टांगेवाल्याला जितक्यांदा "अरे हळू, हळू" म्हणाल्या, तितक्यांदा स्वतः उतरतानाही म्हणाल्या नाहीत. त्यावरून आत काहीतरी नाजूक आहे, एवढं नियाजमियाँनी ताडलं.

हुस्नबानो खाला म्हणजे होणाऱ्या जावयाची मावशी. जावई निसार देवळालीच्या बाजारात एका औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता. आई तो पाळण्यात असतानाच वारलेली. खालांनीच त्याला वाढवलं. नियाजमियाँच्या रेहानाशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि ते पुढच्या महिन्यावर आलं होतं.

ट्रंक माजघरात उघडली. कडुनिंबाचा वाळका पाला बाजूला झाला, मलमलीचा पडदा निघाला आणि खालून एक डाळिंबी रंगाचं वस्त्र वर आलं. वर आलं ते येतच राहिलं. काठाला जुना गोटा, म्हणजे जरीची पट्टी, अंगभर बारीक जरीचे ठिपके. त्याला पायजमा म्हणतात असं खालांनी सांगितलं, पण नियाजमियाँ ज्याला आजवर पायजमा म्हणत आले होते त्याच्यात आणि ह्याच्यात गल्लीतल्या गटारीत आणि गोदावरीत असेल तेवढंच नातं होतं. एकेका पायात एकेक बिऱ्हाड मावलं असतं. आणि घोळ असा, की घालणारी उभी राहिली तरी पुढून जमिनीवर आणि मागून तर दोन हात लांब लोळत राहावा.

"फरशीवर लोळतो म्हणून फर्शी पायजमा," खाला म्हणाल्या. "आमच्या उत्तरेकडे जुन्या घरांतून असायचे. हा माझ्या आपाचा, निसारच्या अम्मीचा. लग्नातला. निसारला तिचा चेहराही आठवत नाही हो. एवढंच म्हणतो, 'खाला, हा एकदा आपल्या दारातून आत येताना बघायचाय.'"

गुलजारबींनी, म्हणजे नियाजमियाँच्या पत्नीनं, डोळ्यांना पदर लावला. दाराआड उभी असलेली रेहाना जरा पुढे आली. खालांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायजम्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. रेहाना चणीनं लहान होती.

"आपा उंच होती," खाला म्हणाल्या. "आणि चालायची कशी! तळ्यात बदक चालल्यासारखी. पाणी हलायचं नाही. जमत नसेल तर तसं सांगा, बरं का. आम्ही लग्नाचा साधा जोडा, साधे कपडे आणू. इकडच्या मुलींना कुठली सवय असायला?"

'इकडच्या मुलींना' हे शब्द नियाजमियाँच्या वर्मी लागले. ते नाशकातच जन्मले, नाशकातच वाढले आणि सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले तेही नाशकातच.

"जमेल," ते अर्ध्या लाल दाढीनिशी म्हणाले.

जिच्या पायांवर हे वचन उभं होतं, तिला कोणी विचारलंच नाही. रेहाना मुलींच्या शाळेत धाकट्या वर्गाला शिकवत असे. तिची चाल साऱ्या गल्लीला ठाऊक होती. तिच्या चालण्यात पाऊल टाकणं कमी आणि गल्ली ओलांडणं जास्त असे. "रेहाना गेली का गं?" असं कोणी विचारलं, की उत्तर मिळेपर्यंत ती परत आलेली असायची.

दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली. गुलजारबींनी तिला तो पोशाख घातला, नाडा बांधला, पुढचा घोळ गोळा करून तिच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल." रेहानानं पहिलं पाऊल टाकलं. दुसरं पाऊल पायजम्यानं टाकलं. ती तोंडघशी पडली ती थेट पाण्याच्या भांड्यांवर. घागर आडवी झाली, कळशी तिच्यावर आदळली आणि मोठा हंडा उंबरा ओलांडून गल्लीच्या उतारावरून घरंगळत गेला तो शेजारच्या वत्सलाबाईंच्या दाराशी थांबला. म्हणजे ही गोष्ट घरातल्या घरात ठेवायची जी काही आशा होती, ती हंड्याबरोबर गेली.

"चार बोटं आत घेते," गुलजारबी सुईदोरा काढत म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

रेहाना अजून जमिनीवरच होती, ओली. ती म्हणाली, "अम्मा, सुई लावायची नाही. त्यांच्या आईचं माप आहे ते."

नियाजमियाँ हेच म्हणणार होते, पण जरा जास्त भारदस्त शब्दांत. मुलीनं ते आठ-नऊ शब्दांत उरकल्यामुळे त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात वत्सलाबाई हंडा घेऊन आल्या. त्या रेहानाच्या जुन्या मास्तरीणबाई. हंडा खाली ठेवायच्या आत त्यांनी प्रश्न काय आहे ते पाहिलं आणि ठेवता ठेवता उत्तर दिलं.

"नियाजभाई, मान खाली घालते म्हणून पडते ती. डोक्यावर भरलेला तांब्या ठेवा आणि चालवा. मान ताठ राहते की नाही बघा."

"तुम्ही तसं शिकलात का, बाई?"

"मला कुठला तांब्या! मी नऊ वर्षांची, नि शालू माझ्याहून जड. मामानं उचलून बोहल्यावर ठेवलं, मामानंच उचलून खाली घेतलं. लग्नात मी चालल्याचं मला आठवतच नाही."

नियाजमियाँनी क्षणभर रेहानाच्या मामांचा विचार केला. ते दम्यानं आजारी असत आणि पानाचा डबा उचलतानाही मध्ये थांबत. तो विचार सोडून त्यांनी तांब्या आणवला. संध्याकाळपर्यंत माजघर, दोन गाद्या आणि वत्सलाबाईंचं लुगडं धुऊन निघालं. रेहानाची मान मात्र खरोखरच ताठ झाली. पाय होते तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मखमलाबादकडून झेंडू-शेवंती घेऊन येणारी भागीबाई आली. लग्नासाठी फुलं किती लागतील ते ठरवायला तिला बोलावलं होतं. तिनं अंगणात वाळत घातलेला तो पायजमा पाहिला आणि डोक्यावरची पाटी उतरवायचंच विसरली.

"आगं माय! येवढं लय लांब कशापायी? ह्यात पोर चालंल कशी? मधून घे नि माघं कासोटा खोच. मी आशीच तर दिसभर वाफ्यातून फिरती. काय होत नाय."

आणि ती नुसतं सांगून थांबली नाही. शेवंतीची पाटी खाली ठेवून, ढांगा टाकत, तिनं अंगणाला एक फेरी मारून दाखवली. चालणं मोठं सुरेख होतं, यात शंका नाही. पण निसारच्या आईच्या फर्शी पायजम्याचा कासोटा, हे चित्र डोळ्यांसमोर येताच गुलजारबींना पाणी प्यावं लागलं.

यानंतर लियाकत शिंपी आला. लियाकत हा नियाजमियाँचा चुलतभाऊ, आणि सल्ला द्यायला त्याला बोलवावं लागत नसे. त्यानं पायजम्याला हात न लावता, लांबूनच, एक डोळा मिटून पाहिलं.

"भाईजान, कपडा लांब नाही. पोरगी आखूड आहे. कपडा कापायचा नाही म्हणता ना? मग पोरगी वाढवा."

"म्हणजे?"

"टाचा!"

दोन दिवसांनी तो कॅम्पाच्या बाजारातून कुणा मडमेचे जुने, पांढरे, उंच टाचांचे बूट घेऊन आला. रेहाना भिंतीला धरून त्यात उभी राहिली. पायजमा आता पुढून पायाखाली येईना, हे खरं. पण तिचे पायही तिच्या खाली राहीनात. अंगणाच्या कडेला मोरीवर लोखंडी जाळी होती. उजवी टाच त्या जाळीत अशी बसली, की जणू जाळी बनवणाऱ्यानं तिचंच माप घेतलं असावं. बूट तिथंच राहिला आणि रेहाना पुढे गेली. लियाकतनं बूट ओढला. बूट निघाला, टाच जाळीतच राहिली.

"लाकूड जुनं होतं," लियाकत म्हणाला, आणि पुढचे काही दिवस तो गल्लीत दिसला नाही.

रेहानाच्या दोन्ही गुडघ्यांना हळद लावलेली होती. लग्नातली हळद लागायला अजून अवकाश होता. रात्री जेवताना ती हसून म्हणाली, "अब्बा, मी रांगत गेले तर?" कोणी हसलं नाही. तीही मग हसायची थांबली आणि ताटात पाहत राहिली. वचन नियाजमियाँनी दिलं होतं आणि गुडघे तिचे फुटत होते.

तेव्हा त्यांनी ठरवलं की हा सगळा प्रकार पद्धतशीरपणे हाताळला पाहिजे. आजवरचे सल्ले चुकीचे नव्हते, पण त्यांत मूळ कारणाचा विचार नव्हता. मूळ कारण जागा. ह्या घरात सलग चार पावलं टाकता येत नव्हती. चौथं पाऊल कुणाच्या तरी खाटेवर पडे. अंगणातले दगड तर एकमेकांशी भांडून बसल्यासारखे वरखाली. मुलीला चालायला शिकवायचं तर लांब, सपाट, गुळगुळीत फरशी हवी. आणि तशी फरशी नियाजमियाँना ठाऊक होती. त्यांच्या कचेरीच्या दप्तरखान्यात नुकतीच नवी शहाबादी बसवली होती. कपाटांच्या दोन रांगा आणि मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ वाट. रविवारी तिथं उंदरांखेरीज कोणी नसे.

त्यांनी अर्ज केला. 'घरगुती प्रयोजनासाठी रविवारी दप्तरखाना वापरण्यास मिळावा.' अर्ज रीतसर आवक झाला आणि रीतसर हेडक्लार्कच्या टेबलावर, म्हणजे त्यांच्याच टेबलावर आला. आता इथं एखादा हलका माणूस असता तर त्यानं स्वतःच्या अर्जातल्या उणिवेकडे कानाडोळा केला असता. नियाजमियाँनी चष्मा पुसला, अर्ज वाचला आणि समासात शेरा मारला : 'प्रयोजन मोघम आहे. खुलासा व्हावा.' मग जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी खुलासा लिहिला : 'एका लांब वस्त्राची चाल तपासून पाहणे आहे.' खुलासा समाधानकारक वाटला, तेव्हा त्यांनी कागद साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी 'चाल' हा शब्द वाचला आणि त्यांना वाटलं, कापड टिकाऊ आहे की नाही ते पाहायचं असेल. त्यांनी हुकूम लिहिला : 'मंजूर. मात्र दप्तराजवळ बाहेरच्या कोणाही व्यक्तीस प्रवेश नाही. चाचणी अर्जदाराने स्वतः घ्यावी.'

नियाजमियाँ तो हुकूम हातात धरून बराच वेळ बसले. दुसरा कोणी असता तर अर्ज मागे घेऊन मोकळा झाला असता. पण हुकूम झालेला अर्ज मागे घेणं हे त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. शिवाय त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट आली, आणि ती त्यांना पटत गेली. हाताखालच्या माणसाला काम सांगायचं तर ते आधी आपल्याला यायला हवं, असं ते नव्या कारकुनांना नेहमी सांगत. मग मुलीला कोणत्या तोंडानं 'चाल' म्हणत होते?

रविवारी दुपारी, गोटा कुठं उसवलाय का ते लियाकतला दाखवतो असं गुलजारबींना सांगून, ते बोचकं काखेत मारून निघाले. पट्टेवाला चिमाजी वणीला देवीच्या दर्शनाला गेला होता, संध्याकाळच्या आत यायचा नव्हता. दप्तरखान्याची किल्ली त्यांच्याकडे होतीच. आत शिरून त्यांनी दार लोटलं, टोपी काढून 'जमाबंदी'च्या कपाटावर ठेवली आणि आपल्या सुरवारीवरून फर्शी पायजमा चढवला. नाडा घट्ट बांधला. काम करायचं तर पुरतं करायचं, म्हणून बोचक्यात आणलेली ओढणीही डोक्यावरून घेतली, कारण नवरीला समोरचं नीट दिसत नाही हा मुद्दा आजवर कोणीच लक्षात घेतला नव्हता.

पहिल्यांदा ते 'जमाबंदी'च्या पायथ्याशी पडले. दुसऱ्यांदा जरा पुढे, 'किरकोळ'पाशी. पडल्या पडल्या त्यांना जे कळलं ते उभ्या माणसाला कधीच कळलं नसतं. आपण पाऊल उचलतो, म्हणून ते कापडावर पडतं. उचलायचंच नाही. चवडा जमिनीलगत पुढे सरकवायचा, कापड आपोआप पुढे ढकललं जातं, आणि मग त्या रिकाम्या जागेत पाय ठेवायचा. खाली बघायचं नाही. आणि घाई तर अजिबात करायची नाही, कारण मागचा घोळ आपल्याहून सावकाश येतो, त्याला येऊ द्यायचं.

ते एक फेरी न पडता गेले. मग दुसरी. तिसऱ्या फेरीत ओढणीच्या आड त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मागे फरशीवर रेशमाची सळसळ येत होती. कोणीतरी अदबीनं, अंतर राखून, आपल्या मागून चालत येतंय असं वाटत होतं. एवढी वर्षं ते साहेबांच्या मागून चालत आले होते. त्यांच्या मागून असं कोणी चाललं नव्हतं. खरं सांगायचं तर गरज नसताना त्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या.

चिमाजीची वणीची गाडी चुकली होती. तो परत येऊन कचेरीच्या मागच्या खोलीत झोपला होता. सळसळीनं त्याला जाग आली. त्यानं खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर कपाटांच्या मधून, डोक्यावर पदर घेतलेली, डाळिंबी शालूतली एक नवरी पाय न उचलता तरंगत चालली होती. चिमाजीनं आवाज केला नाही. त्यानं दाराला बाहेरून कडी घातली, आणि मग मात्र मंडईपर्यंत तो ओरडतच गेला.

इकडे नियाजमियाँनी काम संपलं म्हणून नाडा सोडायला घेतला. नाडा सुटेना. दोनदा पडल्यानं गाठ आवळून सुपारीएवढी झाली होती. नखांनी झालं नाही, टाकानं झालं नाही, साहेबांच्या टेबलावरच्या कागद कापायच्या सुरीनं झालं असतं, पण निसारच्या आईच्या नाड्याला सुरी लावायची? ते दाराकडे गेले. दार उघडेना. आणि बाहेर माणसं जमल्याचा आवाज येऊ लागला.

कडी निघाली तेव्हा समोर चिमाजी होता, हातात काठी घेतलेले दोन पोलीस होते, टेनिस अर्धं टाकून आलेले साहेब होते, आणि त्यांच्या मागे मंडई होती. नियाजमियाँनी ओढणी मागे घेतली. आतून लाल दाढी बाहेर आली.

"नियाज," साहेब म्हणाले, "हे काय?"

"मंजूर झालेली चाचणी, साहेब."

साहेबांना आपला हुकूम आठवला असावा, कारण त्यांचा चेहरा बदलला. "बरं. झाली ना? मग ते... काढा."

"गाठ बसली आहे, साहेब."

साहेब शहाबादीकडे बघू लागले. चिमाजी नियाजमियाँना म्हणाला, "भाऊसाहेब, मी व्हतो की! हाक मारायची!" आणि त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून तो गप्प झाला.

आता दोनच वाटा होत्या. एक, दार लावून घेऊन आत रडत बसायचं. नियाजमियाँनी दुसरी घेतली. त्यांनी कपाटावरची टोपी घेऊन डोक्यावर ठेवली, पुढचा घोळ डाव्या हातात घेतला, मान ताठ केली आणि चालायला लागले. माणसं आपोआप बाजूला झाली. कचेरीच्या दगडी पायऱ्या उंच होत्या. त्या ते एकेक करून उतरले आणि मागून तो घोळ एकेक पायरी उतरत आला, पाणी उतरावं तसा. कोणी हसलं नाही. ते टांग्यात बसले, घोळ आवरून आत घेतला, टांगा वळला, आणि तेव्हा जो हशा उठला तो त्यांना घरापर्यंत ऐकू येत राहिला.

घरी गुलजारबींनी दातांनी गाठ सोडवली. नियाजमियाँ भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले. संध्याकाळपर्यंत गोष्ट अर्ध्या नाशकात गेली, आणि उद्या सकाळच्या गाडीनं देवळालीला पोचणार हे सांगायला कोणी नको होतं. लग्न मोडणार. हेडक्लार्क नियाज ह्यांनी आपल्या हातानं, रीतसर मंजुरी घेऊन, पोरीचं लग्न मोडलं होतं.

रेहाना आली आणि खाटेच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "अब्बा, पायऱ्या कशा उतरलात?"

"काय?"

"लियाकतचाचा त्या गर्दीत होते. म्हणाले, पायऱ्या उतरताना बघण्यासारखं होतं. मला तर सपाटीवर येत नाही. कशा उतरलात?"

नियाजमियाँ भिंतीशीच बोलले, "टाच आधी टेकवायची नाही. चवड्यानं पायरीची कड चाचपायची." थोडं थांबून, "आणि मागचं कापड वरच्या पायरीवरून सुटेपर्यंत थांबायचं." मग ते या कुशीवर वळले. "आणि बघणारे हसतायत का, ते ऐकायचं नाही. ते फार महत्त्वाचं."

"दाखवा ना."

ते उठले. गुलजारबींनी खाटा अंगणात काढून दिल्या.

चार दिवसांनी देवळालीचा टांगा पुन्हा गल्लीत आला. या वेळी ट्रंक नव्हती. हुस्नबानो खाला एकट्याच उतरल्या आणि बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत.

"मी आपाचा जोडा परत न्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "आमच्या बाजारात पोरं निसारच्या दुकानासमोरून डोक्यावर पंचा घेऊन चालून दाखवतात. माझ्या मेलेल्या बहिणीची वस्तू होती ती, नियाजभाई. तमाशा करायला दिली नव्हती."

नियाजमियाँनी बोलायला तोंड उघडलं. "सदरहू बाबतीत..." त्यांनी सुरुवात केली, आणि ते वाक्य तिथंच सोडून दिलं. ते मान खाली घालून उभे राहिले. "माझीच चूक झाली. पोरीचा यात काही दोष नाही," एवढंच मग ते म्हणाले.

आतल्या खोलीत सळसळ झाली. रेहाना उंबऱ्यावर आली होती. तिनं चवड्यानं उंबऱ्याची कड चाचपली, पाय बाहेर टाकला आणि थांबली. मागचा घोळ उंबरा ओलांडून आला, तशी ती पुढे निघाली. माजघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत आली, घाई नाही, खाली पाहणं नाही, आणि खालांच्या समोर उभी राहिली.

"अब्बा स्वतः पडले, म्हणून मला न पडता येतंय, खाला," ती म्हणाली. "न्यायचा असला तर न्या. पण मला येतं, एवढं तिकडे त्यांना सांगा."

खाला त्या डाळिंबी काठाकडे पाहत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि गोट्यावरून हलकेच फिरवला. मग त्यांनी नियाजमियाँकडे पाहिलं.

"तुम्ही कचेरीच्या पायऱ्या उतरलात? याच्यात?"

"जी."

"पडला नाहीत?"

"पायऱ्यांवर नाही."

खालांचे खांदे हलू लागले. त्या रडतायत असं वाटून गुलजारबी पुढे धावल्या, पण त्या हसत होत्या. हसता हसता त्या अखेर खाटेवर बसल्या.

"आमची आपा पडली होती हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सासरच्या दारात. पडली ती सासऱ्यांना घेऊन पडली. बदक कसलं नि तळं कसलं! आई-अब्बा गेले, ती गेली, आता ते बघितलेली मी एकटीच. म्हटलं, चांगलंच सांगावं."

लग्नाच्या दिवशी भागीबाईनं सारा मांडव शेवंतीनं भरून टाकला. निकाह झाला, जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. गल्ली अरुंद, मोटार आत येईना, म्हणजे घरापासून तिथपर्यंत चालत जायचं होतं, दगडांवरून, उतारावरून, साऱ्या गल्लीच्या देखत. ओट्याओट्यावर बायका उभ्या होत्या. वत्सलाबाईंनी तर शाळेतल्यासारखा हाताचा इशारा करून सगळ्यांना गप्प केलं होतं.

रेहाना निघाली. चेहऱ्यावर ओढणी होती, पण मान ताठ होती. ती दगडांवरून अशी गेली, की दगडांनी आपसातलं भांडण तेवढ्यापुरतं मिटवलं असावं. मागून डाळिंबी घोळ सळसळत येत होता, आणि त्याच्या मागे एक पाऊल सोडून नियाजमियाँ येत होते. आज त्यांना हसणारं कोणी नव्हतं. पुढे मोटारीपाशी निसार उभा होता. त्याची नजर त्या काठावरून हलत नव्हती आणि त्याला ते लपवताही येत नव्हतं.

मोटार चार पावलांवर आली आणि रेहाना अचानक थांबली. पडली नाही, डगमगली नाही, नुसती थांबली. गुलजारबींनी तोंडावर हात ठेवला.

रेहानानं मान वळवली नाही. ओढणीच्या आतून, फक्त मागच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ती म्हणाली,

"अब्बा, पाय उचला."

नियाजमियाँनी खाली पाहिलं. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना आधी नुसता डाळिंबी रंगच दिसला. मग त्यावर आपला पाय दिसला, दोन्ही पाय, काठाच्या मधोमध भक्कम रोवलेले. ते कधी तिथं चढले, त्यांना कळलंच नव्हतं.

"हो, हो," ते म्हणाले. पण उचलायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती थांबली.

मग त्यांनी एक पाय उचलला आणि नंतर दुसरा.